श्रीवर्धनचा किनारा : सगळ्यांच्या घरासमोरचे अंगण

सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, मुलांना कुठे न्यायचे? मुंबई-पुण्याची मंडळी रायगडच्या किनाऱ्यावर येतात. पण इथेच राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी कुठे जावे? घरे लहान झाली, अंगणात गाड्या उभ्या राहू लागल्या, वाड्यांना कुंपणे पडली. मुंबईला 1862 पासून राणीची बाग आहे. तालुक्याच्या गावालाही आपली एक बाग हवी, हे मात्र फारसे कुणाच्या मनात येत नाही.

श्रीवर्धनला अशी जागा आहे. तिला बाग म्हणत नाहीत, पण काम ती बागेचेच करते. गावाला लागून लांबच लांब वाळूचा किनारा, त्याच्या कडेने बांधलेला पदपथ आणि बसायच्या जागा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या. आत यायला तिकीट नाही. आम्ही शाळेतल्या तीन शिक्षिका, आमच्या घरची माणसे आणि मुले असे वर्षातून चार-पाच वेळा तिथे जातो. म्हसळ्याहून एसटीने घाट उतरला की मुलांच्या नाकाला खारा वारा आधी कळतो.

असरची नमाज उरकून निघायचे, ही आमची नेहमीची वेळ. ऊन उतरलेले असते. डब्यात सांदणे, तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. एक चटई अंथरली की दस्तरखान तयार. गुडघे दुखणाऱ्या अम्मींना वाळूत चालवत नाही, त्यांच्यासाठी पदपथावरची बैठक सोयीची. समोर नातवंडे किल्ला बांधताना दिसतात आणि शेजारी येऊन बसलेल्या बाईशी ओळख निघते. कुणाची सून म्हसळ्याची, कुणाचा मुलगा कुवेतला. थोड्याच वेळात बुरख्यातल्या, लुगड्यातल्या आणि पंजाबी ड्रेसमधल्या बायका मासळीच्या भावावर एकत्र बोलत असतात.

या गावाला हे नवे नाही. श्रीवर्धन 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात होते आणि पेशवे बाळाजी विश्वनाथ याच गावचे. मशीद, मंदिर, कोळीवाडा, वाड्या आणि जीवना बंदरावरच्या होड्या एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन बसणारी माणसेही त्याच घरांतली.

शिक्षिका म्हणून आम्हांला या जागेचे मोल आणखी एका कारणासाठी वाटते. पाचवीपर्यंत मैदानावर धावणारी मुलगी आठवीत गेली की घर, शाळा, मदरसा आणि ट्यूशन एवढ्यातच फिरते. बहुतेक वेळा तिला कुणी मनाई केलेली नसते. जायला जागाच नसते. नाक्यावर मुलगे उभे राहतात, मैदानावर क्रिकेट चालते, हॉटेलात बसायला पैसे लागतात. किनाऱ्यावर मात्र आई, खाला, दादी सोबत असतात आणि आसपास दहा कुटुंबे बसलेली असतात. तिथे आठवीतली मुलगीही दुपट्टा कमरेला खोचून लंगडी खेळते. बालहक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या करारात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. हा हक्क पुस्तकातून अंगणात आणायचा तर अंगण हवे.

पण समुद्र म्हणजे खेळाचे मैदान नव्हे, हेही पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. दिवसाढवळ्या, सोबत इतकी माणसे असताना. भरती-ओहोटीचा हिशेब ठेवणे आपल्या घरांना अवघड नाही, कारण चांदाची तारीख आपल्या भिंतीवर असतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांदाच्या पहिल्या दोन-तीन तारखांना आणि चौदा-पंधराच्या सुमारास, उधाण असते. या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर साधारण दुपारी बारा-एकला पूर्ण भरती येते आणि मगरिबच्या सुमारास पाणी दूर गेलेले असते. संध्याकाळी वाळू भरपूर मोकळी मिळते, पण दुपारभर ओसरणारे पाणी ओढ घेते, तेव्हा मुलांना त्यात सोडू नये. चांदाच्या सात-आठ तारखेला भांग असते. तेव्हा संध्याकाळीच भरती येते आणि वाळूची पट्टी अरुंद होते. त्या दिवशी पदपथच बरा. पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलही टाकू नये.

या जागेला धक्काही बसून गेला आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धनच्या वाड्यांतली नारळी-पोफळीची झाडे आडवी झाली. इथल्या रोठा सुपारीवर कित्येक घरांचा वर्षाचा खर्च चालतो. सुपारीचे रोप फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. झाडे गेली तशी सावलीही गेली. सावली नसली की म्हातारी माणसे आणि तान्ह्या मुलांच्या आया सर्वांत आधी येणे बंद करतात. उंडीसारखे झाड खाऱ्या वाऱ्यात तग धरते आणि दाट सावली देते. लावलेल्या झाडाचा माणसाला, पाखराला, जनावराला जो लाभ होतो तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक शाळेने पाच रोपे लावली आणि दोन उन्हाळे त्यांना पाणी घातले, तर ती शिकवण मुलांना पाहायलाही मिळेल.

दुसरा धक्का माणसांचा. रायगडच्या किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी गाड्या थेट वाळूवर येतात, गोल गोल फिरवल्या जातात. जिथे गाडी फिरते तिथे मूल धावू शकत नाही. पाहुण्यांना हे नम्रपणे सांगायला आपण संकोचू नये. आणि आपलाही डबा, पिशवी, बाटली, मुलांचे डायपर आपण परत न्यावे. वाटेवर बसायचे तर वाटेचा हक्क अदा करा, नजर सांभाळा, त्रासदायक वस्तू बाजूला करा, सलामाला उत्तर द्या, असे आपल्याला शिकवले आहे. किनाऱ्यावरच्या बैठकीलाही तेच लागू आहे. आपल्या तरुण मुलांना हे घरातूनच सांगितले, तर दुसऱ्याच्या लेकीबाळी तिथे निर्धास्त बसतील.

स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि इशापर्यंत पुरेसा उजेड या तीन गोष्टी असतील तिथे बायका थांबतात, नसतील तिथून सूर्य बुडायच्या आत उठतात. आपल्या गावात अशी जागा असेल तर या तीन गोष्टी नीट आहेत का ते पाहून या, आणि नसतील तर चार बायकांच्या सह्यांचा अर्ज नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत द्या. जागाच नसेल तर ग्रामसभेत ती मागा. आणि श्रीवर्धनला याल तेव्हा घरातल्या दादीला मागे ठेवू नका. तिच्यासाठी पदपथावर बसायला जागा आहे.