चोवीस भांड्यांचा संसार

विवाहसंस्काराच्या तयारीसाठी वधू-वरांचे आईवडील आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा एखादी यादी असते. गेल्या वर्षी बारामतीतील एका वधूपित्याने अशीच यादी आमच्यापुढे ठेवली. रुखवतात मांडायच्या १०१ भांड्यांची ती यादी होती. तळाशी ‘पतसंस्था – चाळीस हजार’ एवढेच लिहिले होते. त्यांना आमचा आशीर्वाद हवा होता. आम्ही मात्र ती तळाची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

त्याला कारण होते. २०१८ साली आम्ही अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका दुष्काळी भागात होतो. तेथे आम्ही असेच एक लग्न लावले. मंडपात रुखवत झळकत होते आणि प्रवचनात आम्ही त्या बापाच्या औदार्याचे कौतुकही केले. पैसे कोठून आले, हे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही. पुढील वर्षी आमची बदली बारामतीला झाली. दिवाळीनंतर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहिल्या. त्यांतील एका कोपीसमोर तोच बाप आम्हाला भेटला. लेकीच्या भांड्यांसाठी त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि ती फेडण्यासाठी पतिपत्नी दोघेही तोडीला आली होती.

वाचकांना ठाऊक असेल, या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोघांपैकी एक आजारी पडला तरी खाडा मांडला जातो. त्या माऊलीने आम्हाला चहा दिला. आम्ही कोपीत नजर फिरवली. तीन दगडांची चूल, एक तवा, एक पातेले, एक परात आणि दोन ताटल्या, बस्स! आमची नजर ओळखून तो हसला व म्हणाला, “फादर, लेकीला एकशेएक दिली. आम्हाला पाच पुरतात.” लेकीची भांडी कोठे आहेत, असे आम्ही विचारले. “हायती की सासरी, माळ्यावर, पोत्यात बांधून,” तो म्हणाला. तो चहा आमच्या घशाखाली उतरेना.

म्हणून या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. वधूपित्याला म्हणालो, “दादा, कर्ज काढू नका. पोरांना घेऊन बाजारात या, आम्हीही येतो.” ते दुखावले. “लेकीला रिकाम्या हातानं पाठवू का, फादर? पाव्हणे काय म्हणतील?” त्यांच्या प्रश्नावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. परंतु मुलगीच पुढे होऊन म्हणाली, “अप्पा, हप्ते कोण भरणार?”

ठरल्या दिवशी आम्ही चौघे बारामतीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने प्रथम एक्कावन्न भांड्यांचा संच पुढे केला. फार स्वस्त पडेल म्हणाला. आम्ही संच तराजूवर ठेवायला सांगितला. स्टीलची भांडी नगावर मोजू नयेत, वजनावर जोखावीत. संचातील संख्या बहुधा चमचे, वाट्या आणि पत्र्यासारख्या पातळ डब्यांनी भरलेली असते. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध हमखास लागते. बूड जाड आहे ना, झाकण घट्ट बसते ना, कढईच्या कानांचे रिबिट हलत नाहीत ना, कुकरवर आयएसआयची खूण आहे ना, एवढे पाहिले तरी निम्मी फसवणूक टळते.

दोघांच्या संसारासाठी आम्ही मोजून चोवीस नग घेतले. तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा, कढई, परात, दोन पातेली, चार ताटे, चार वाट्या, चार पेले, पोळपाट, लाटणे, डाव, उलथने, सांडशी आणि मसाल्याचा डबा. दोन ताटे त्यांची आणि दोन पाहुण्यांची. घासाघीस मुलीने केली. आम्ही केवळ पांढऱ्या झग्याचा धाक दाखवला. बिल पाच हजारांच्या आत आले.

वधूपिता घरून एक काळवंडलेले पितळी पातेले घेऊन आले होते. मोडीत घालून त्याचे जे येतील ते बिलात वळते करावे, असा त्यांचा हिशेब. दुकानदाराने ते तराजूत टाकले. मुलीने ते परत उचलून घेतले. काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिच्या आजीचे नाव कोरलेले होते. “हे मला द्या, अप्पा. रुखवतात एवढंच मांडा,” ती म्हणाली. कल्हईवाला शोधण्यात आठ दिवस गेले. त्याने भांडे तापवले, नवसागर टाकला, कथील फिरवले आणि कापसाच्या बोळ्याने पुसताच आतून चांदी उजळली. ही नुसती हौस नव्हे. कल्हई नसलेल्या पितळेत वा अ‍ॅल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ ठेवू नयेत, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात सांगितले आहे.

स्वयंपाकाविषयी सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील. आम्हाला ना पत्नी, ना प्रपंच. परंतु धर्मग्रामाच्या घरात आचारी नसलेली कित्येक वर्षे आम्ही काढली आहेत, आणि भूक ही उत्तम शिक्षिका आहे. विवाहपूर्व भेटीत आम्ही मुलालाही चुलीपुढे उभे केले. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ आणि जिऱ्याची फोडणी, की दोघांची मऊ खिचडी होते. कुकरमधील दाबामुळे पाणी शंभराऐवजी सुमारे एकशेवीस अंशांवर उकळते. म्हणून पहिली शिटी झाली की आच मंद करावी, गॅस वाचतो. अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या पाणी, लसूण नि हिरवी मिरची एवढ्यात पिठले होते, आणि ज्वारीची भाकरी असली की दुसरे काही लागत नाही. जी दोघे मिळून तोड करू शकतात, ती दोघे मिळून भाकरीही करू शकतात, असे आम्ही त्याला म्हणालो. कोपीतली ती माऊली दिवसभर तोड करून रात्री एकटीच भाकरी थापत होती, हे आम्ही विसरलो नव्हतो.

लग्न झाले. रुखवताच्या मेजावर एकच पातेले होते. पाहुणे कुजबुजले, ते आमच्या कानी आले. वधूपिता त्यानंतर तीन महिने आमच्याशी मोजकेच बोलत होते.

उपवासकाळातील एका शुक्रवारी आम्ही इंदापूरला त्या दोघांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. वधूपिताही आदल्या दिवशीच एसटीने आले होते. मुलाने उजनीच्या पाण्यातली चिलापी आणली होती. मुलीने चिंच घालून तिचे कालवण आजीच्या पातेल्यात केले होते आणि भाकऱ्या मुलाने थापल्या होत्या. गोल नव्हत्या, पण भाजलेल्या होत्या. चारही ताटे मांडली गेली. फळीवर एकही भांडे पोत्यात बांधलेले नव्हते. सगळी रोजच्या वापराने थोडी थोडी काळी झालेली होती.

जेवताना वधूपिता काही बोलले नाहीत. मग वाटी पुढे करीत म्हणाले, “तरी रुखवत मांडायला हवं होतं, फादर.” मुलीने हसून वाटीत कालवण वाढले. त्यांनी तेही संपवले आणि वाटी पुन्हा पुढे केली.