मांजींच्या ताटाचं ऋण

मी माणदेशातली. आमच्या घरी पाहुणा आला की आईला आधी ताटाची लाज वाटायची. बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, हुलग्याचं माडगं नाहीतर शेंगोळे, आणि थंडीत उखळात कांडलेल्या बाजरीचा खिचडा. वाढता वाढता आई म्हणायची, "गरिबाघरचं आहे, गोड मानून घ्या." १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती आणि तिथे मिळणाऱ्या सुकडीवर तिनं दिवस काढले होते. गव्हाची चपाती म्हणजे बरे दिवस आणि बाजरी म्हणजे अजून न सरलेला दुष्काळ, हा तिचा हिशेब होता. तो माझाही झाला. पुण्यात वसतिगृहात राहायला आले तेव्हा कुणी गाव विचारलं की मी 'सातारा' एवढंच सांगायची. घरून आलेला डबा खोलीतल्या मुलींसमोर उघडायची नाही.

त्याच खोलीत कोल्हापूरची, चिपळूणची आणि बिकानेरची अशा मैत्रिणी भेटल्या. शिक्षण संपून सगळ्या नोकऱ्यांना लागल्यावर बिकानेरवालीनं आखातीजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्हाला घरी बोलावलं. वैशाखात कुणी बिकानेरला जातं का, असं ज्याला त्याला वाटलं. पण राव बिकानं १४८८ साली हे शहर वसवलं ते वैशाखातच, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, त्यामुळे तिथे हे दोन्ही दिवस म्हणजे गावाचा वाढदिवस. सकाळपासून अख्खं गाव गच्चीवर असतं आणि आभाळभर पतंग. ऊन भाजून काढतं, पण त्याची तक्रार करताना मला कुणी दिसलं नाही. जोधपूरला गाडी बदलून आम्ही पोचलो तेव्हा कोल्हापूरच्या मैत्रिणीला तांबड्या रश्श्याची आठवण येत होती आणि चिपळूणची मैत्रीण 'पाणी मिळेल ना' एवढंच विचारत होती. मी सहल म्हणून गेले होते, काही शिकायला नव्हे.

गाव पाहिलं ते पाहायचं म्हणून. जुनागढ किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, याचं नवल वाटलं. रामपुरियांच्या हवेल्यांच्या तांबड्या दगडावरचं कोरीवकाम पाहून मान दुखली. मन रमलं ते जुन्या गावातल्या चौकांत. तिथे मोठमोठे लाकडी पाटे मांडलेले असतात आणि रात्री गावातले पुरुष त्यांवर बसून जगाचा निकाल लावतात. बायकांनी कुठे बसायचं, हे मी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "गच्चीवर." खाण्याची मात्र चंगळ होती. सकाळी कचोरी, दुपारी गाईच्या दुधाचे रसगुल्ले, येता-जाता भुजिया. एका दुकानात कढईवर झारा आपटत भुजिया पाडणाऱ्या माणसाला मी पिठाचं विचारलं. त्यानं मूठभर कडधान्य माझ्या हातावर ठेवलं. ती मटकी होती. आमच्या रानात बांधाकडेला पेरतात ती. नागपूरच्या हल्दीरामचं मूळही बिकानेरच्या गंगाबिशन अग्रवालांच्या भुजियात आहे, हे मैत्रिणीनं तिथेच सांगितलं. पुढे २०१० साली बिकानेरी भुजियाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला ती मूठ आठवली.

पण खरं शिक्षण झालं ते मैत्रिणीच्या आईच्या स्वयंपाकघरात. त्यांना आम्ही मांजी म्हणत होतो. सणाच्या दिवशी त्यांनी पहिलं वाढलं काय, तर बाजरीचा खिचडा. वर तुपाची धार, शेजारी वड्यांची भाजी आणि चिंचेची गार इमलाणी. मी ताटाकडे बघतच राहिले. तोच रंग, तोच कांडलेल्या बाजरीचा वास. आता त्या काहीतरी संकोचाचं बोलतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त तूप पुन्हा वाढलं आणि कुणी नको म्हणालं तर घास स्वतःच्या हातानं तोंडाशी धरला. तिथे आग्रह असाच करतात.

दुसऱ्या दिवशी केर-सांगरीची भाजी होती. केर म्हणजे तिकडचं छोटं रानफळ. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. आमच्या शिवारात शमी होती, पण तिच्या शेंगा माणसानं खाव्यात हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पंचकुटा म्हणून पाच वाळवणांची भाजी करतात, तीत त्यांच्याबरोबर गुंदाही पडतो. तो तर आपला भोकर. मांजी निवडता निवडता सांगत होत्या: वर्षाला जेमतेम अडीचशे मिलीमीटर पाऊस, भाजीपाला कुठून यायचा? मग जे येतं ते उकडायचं, वाळवायचं, वर्षभर पुरवायचं. छपन्न्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९००मध्ये, लोकांनी याच खेजडीची साल दळून खाल्ली. हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात पुढे हिंगाचं प्रमाण सांगितलं. तीच सांगरी आता बाजारात सुक्या मेव्याच्या भावानं विकली जाते आणि लग्नाच्या पंगतीत मानानं वाढली जाते. दुष्काळ आमच्याही ताटात होता आणि त्यांच्याही. त्यांनी त्याबद्दल पाहुण्याची माफी मागितली नाही, एवढाच फरक होता.

निघायच्या आधी मी त्यांच्याकडे खिचडा शिकवा म्हणून हट्ट धरला. त्यांनी उखळ पुढे केलं. बाजरीला पाण्याचा हात लावून, हलक्या हातानं कांडून मी कोंडा पाखडला, तेव्हा त्या बघत राहिल्या. कुणी शिकवलं, म्हणाल्या. आईनं, मी म्हणाले. "मग इथे काय शिकायला आलीस?" असं म्हणून त्या मोकळ्या हसल्या. मला उत्तर देता आलं नाही.

ते उत्तर पुढे कैक वर्षांनी द्यावं लागलं. नोकरी गेली आणि पोटासाठी पुण्यात मी विद्यार्थ्यांची खाणावळ काढली. बाकीच्या खाणावळी करतात तेच करत होते. पनीर, छोले, रविवारी पुलाव. पैसे हातात उरत नव्हते. मैत्रिणीला फोन केला तर तिनं तो आईकडे दिला. मांजींनी धीर वगैरे दिला नाही, सरळ हिशेब विचारला. तुमच्याकडे स्वस्त काय, टिकतं काय, तुझ्या हाताला चव कशाची आहे? मी म्हणाले, बाजरी, मटकी, हुलगे. "फिर पनीर किसलिए?" एवढं बोलून त्यांनी वाळवणाचं विचारलं. त्या उन्हाळ्यात मी गवार वाळवली, सांडगे घातले, गावाहून हुलगे मागवले. पहिले काही दिवस पोरांनी नाकं मुरडली. मग शनिवारच्या खिचड्याला बाहेरची पोरं येऊ लागली. वाढताना 'गोड मानून घ्या' ओठांवर यायचं, ते मी गिळायला शिकले. पाटीवर जागा होती, तिथे गावाचं नाव लिहिलं: म्हसवड.

आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे होती. लोक पैसे देऊन माडगं पितात, ही तिला अखेरपर्यंत फसवणूक वाटली. एखाद्या पोराला ती गुपचूप चपाती वाढायची. मी तिला कधी अडवलं नाही. तिचा दुष्काळ तिनं भोगलेला होता आणि मला मांजी भेटल्या होत्या, तशी तिला कुणी भेटली नव्हती.

मांजींना मी दर थंडीत हुलग्याचं पीठ पाठवते. पहिल्या वर्षी शेंगोळ्यांची कृती लिहून पाठवली होती. त्यांना ते फारसे रुचले नाहीत, असं मैत्रिणीकडून कळलं. मांजी स्वतः फोनवर एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी लसूण थोडी कमी सांग. त्यांच्याकडून सांगरीची पुडी येते. ती खाणावळीत वाढणं परवडत नाही, म्हणून आम्ही मैत्रिणी जमलो की होते. चिपळूणकरीण दर वेळी तीत ओलं खोबरं घालायला बघते आणि बिकानेरवाली तिच्या हातातून वाटी काढून घेते.