मोजणीच्या वाटेवरून

चिंचोळी एमआयडीसी, जुलै 2025

ती. अण्णांस सा. न.

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागलं की चिंचोळी काटीजवळ ही वसाहत सुरू होते. रांगेत उभे टँकर, वजनकाटे, नाकात बसणारा रसायनांचा वास. पाळी सुटली की टपऱ्यांवर उभं राहायला जागा मिळत नाही. इथे मुद्दाम उतरलो. ज्यांची जमीन एकदा या वसाहतीत गेली आहे, त्यांना नव्या रस्त्याबद्दल काय वाटतं ते ऐकायचं होतं.

तुम्ही पेपरात वाचलंच असेल. आपल्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग, बारा जिल्ह्यांतून. 24 जूनला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, भूसंपादन वगैरेसाठी 20 हजार कोटींची तरतूदही केली. आठवड्याच्या आत, 1 जुलैला, कृषिदिनाचा मुहूर्त साधून शेतकरी रस्त्यावर उतरले. सोलापूर जिल्ह्यात बार्शी, उत्तर सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, सांगोला असा हा महामार्ग उतरत जातो.

टपरीवाल्या काकांना विचारलं. म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याची जमीन हितंच गेली. पैसा आला की. बहिणींची लग्नं झाली, एक बोअर मारली, ती कोरडी गेली. संपला पैसा. आता पोरगं त्याच मातीवर ठेकेदाराकडं रोजानं जाऊलालंय." तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब सांगावा तसं सांगितलं. बाकावर बसलेला मोहोळकडचा तरुण मात्र तापला होता. त्याने मोबाइलवर बाग दाखवली : लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, खाली ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि मधोमध त्याने स्वतःच बोटाने ओढलेली लाल रेघ. रस्ता असा जाणार. विहीर एका अंगाला, बाग दुसऱ्या अंगाला. या रस्त्याला दोन्हीकडून कुंपण. ट्रॅक्टर त्यावर चढवायचा नाही, पलीकडे जायचं तर बोगदा सापडेपर्यंत वळसा. "मोबदला रेडीरेकनरनं देतील. पाइपलाइनचा दर काढतील, पण पाण्यासाठी थांबलेल्या वर्षांचा कोण काढणार?" उजनीचं पाणी शिवारात यायला इथे एक पिढी खपली आहे, हे ध्यानात घ्या.

एक प्रश्न सगळेच विचारतात आणि मलाही त्याला उत्तर सापडत नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापूरवरूनच जातो. मग त्याच्या शेजारून दुसरा कशाला? सरकार म्हणतं, नागपूर-गोवा अठरा तासांचं अंतर आठ तासांवर येईल, देवस्थानं जोडली जातील. साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही तीन पीठं रस्त्याला मिळाली खरी. उरलेलं अर्धं, वणीची सप्तशृंगी, तिकडे नाशकातच राहिली. तिची काही तक्रार नसावी.

पंढरपूर

आषाढी होऊन गेली तरी चंद्रभागेच्या वाळवंटात माणसं आहेतच. एका वारकरी आजींना महामार्गाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "आम्हाला चालायला कडेची माती सोडा म्हणजे झालं." अण्णा, 1951 मध्ये विनोबा पोचमपल्लीपासून जमीन मागत फिरले ती देण्यासाठी, त्यांच्याच आश्रमाच्या गावापासून आता ही दुसरी मागणी निघते. तुम्ही भूदानाची माणसं पाहिलेली आहेत. तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

बांदा

कोल्हापूरला थांबलो नाही. तिथला विरोध सर्वांत जुना आणि सर्वांत संघटित. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, त्या जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्दही झाली होती. निवडणूक सरली आणि रस्ता परत आला. पंचगंगेच्या पुराचं पाणी भरावाला अडून गावात शिरेल, ही त्यांची भीती 2019 चा पूर पाहिलेल्या कुणालाही हसण्यावारी नेता येणार नाही.

आंबोलीत पावसाने झोडपलं. हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या पाण्यात बोटाएवढा एक मासा सापडतो, शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याच्यासाठी 2021 मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एका माशासाठी हे करणारं सरकार आणि याच डोंगरातून बोगदे काढू पाहणारं सरकार एकच, हे मला काही केल्या जुळवता येत नाही.

घाट उतरल्यावर लोकांचं बोलणंच बदलतं. सोलापुरात बाग आणि दर, इथे झरा. गावांचं पाणी डोंगरातून येतं, बागायतीही त्यावरच. डेगव्याच्या वाटेवर एका बागायतदाराने पोफळीच्या आळ्यात हात घालून ओली माती काढून दाखवली. "बोगदो पाडल्यार झरो खंय जातलो, ता कोण सांगतलो? पैसे दितले, पाणी दितले काय?" सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघ-हत्तींच्या येण्याजाण्याचा पट्टा, त्यासाठी इथली माणसं आधीच कोर्टाच्या पायऱ्या चढलेली आहेत. त्यामुळे हरकत कशी लिहायची, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

आणि विकासाला विरोध म्हणाल, तर बांद्याच्या बाजारात कुणी तसं म्हणत नाही. मुंबई-गोवा महामार्ग इथूनच पत्रादेवीला जातो. त्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, रायगड-रत्नागिरीत अजून रखडलंय. गणपतीला मुंबईहून येणारी पोरं त्याच खड्ड्यांतून येतात. आधी तो पुरा करा, मग दुसऱ्याचं बोलू, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

उद्या पत्रादेवीला जाऊन 1955 च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक पाहीन आणि मडगावहून गाडी धरीन. आईला सांगा, कोकम घेतलंय. फणसाचे गरे मात्र टिकणार नाहीत.

तुमचा,
बाळू