फक्त सील बदलून द्या

पद्मिनीचे मालक गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवतात. त्यावर मागच्या बाजूला काळपट डाग पडला की गाडी माझ्याकडे येते आणि फर्माईश ठरलेली असते: "फक्त ऑइल सील बदलून द्या, बाकी गाडी टकाटक आहे." सील बदलणं सोपंच असतं. पण सील क्वचितच आपण होऊन मरतं.

कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट डिलाइट म्हणून बनलेली आणि पुढे पद्मिनी झालेली ही गाडी मागच्या चाकांवर चालते. इंजिन पुढे, क्राउन-पिनियन ही दातेरी जोडी मागे, मधे लांब प्रोपेलर शाफ्ट. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. उरल्यात त्या हौशी लोकांच्या, रविवारी फिरणाऱ्या. गाडी उभी राहिली की सीलचं रबर कोरडं पडून कडक होतं, हे खरं. तरी मी आधी पाना उचलत नाही, बोट लावतो. चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ती ब्रेक सिलिंडरचीही असू शकते. नव्वद नंबरचं गिअर ऑइल चिकट, त्याला गंधकाचा उग्र वास. एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. ब्रेक ऑइल पातळ. न हुंगता सील बदलायला घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग ब्रीदर. क्राउन-पिनियनच्या हाउसिंगवरचं हे चिमुकलं भोक चिखलाने बुजलं, की गरम झालेल्या हवेला वाट राहत नाही आणि ती तेलाला सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. कधीकधी तेवढं साफ केलं की गळती थांबते. अशा वेळी बिल काय लावायचं, हा माझा प्रश्न!

नाहीच थांबली तर शाफ्ट सोडवून पिनियनचा फ्लँज मुठीत धरायचा आणि वर-खाली हलवायचा. टक टक जाणवलं तर बेअरिंग संपलंय. डुगडुगत्या शाफ्टवर नवं सील घालणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत. फ्लँज काढल्यावर तो पुसून सील बसतं त्या जागेवर नख आडवं फिरवतो. नख अडकलं, तर तिथे चर पडलाय. मऊ रबर पोलादाला चर पाडतं ते ओठात अडकलेल्या धुळीच्या जोरावर. मग पातळ स्लीव्ह चढवायची, किंवा जागा असेल तर सील किंचित अलीकडे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो.

नागदेवी स्ट्रीटला सील तीन आकड्यांवर मिळतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. बेअरिंग मात्र नंबर जुळला तरी नीट पारखून घ्यावं. नकली मालाचा डबाही चकचकीत असतो.

पिनियन दोन टेपर बेअरिंगांवर फिरतो आणि त्यांच्यावर थोडा दाब लागतोच. कमी राहिला तर पिनियन हलतो, जास्त झाला तर बेअरिंग तापून जळतं. हा दाब मोजायला फ्लँजभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने सावकाश ओढायचं. सुटतानाचा झटका सोडून फिरतानाचं वजन वाचायचं. अर्थात क्राउन बसवण्याआधी. नुसतं सील बदलायचं असेल तर फ्लँजचा नट सोडण्यापूर्वी त्याच्यावर आणि पिनियनवर पंचाने खूण करतो, म्हणजे परत तिथेच आणता येतो. काही गाड्यांत आत चेपणारा स्पेसर असतो. तिथे नट जास्त आवळला गेला, तर मागे फिरवून भागत नाही. स्पेसर नवाच लागतो.

आणि क्राउन-पिनियन गात नसेल तर त्यांच्या जोडीला मी हात लावत नाही. कारखान्यात ते दात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. "उघडलंच आहे तर तेही बदलू" म्हणत एकाची क्राउन दुसऱ्याच्या पिनियनला लावलेल्या गाड्या पाहिल्यात. साठच्या वेगाला आत बसणाऱ्यांना बोलणं ऐकू येत नाही.

पद्मिनी असेल तर एवढं कराच: गाडी सपाट जागेवर लावा, हाउसिंगचा फिलर प्लग उघडा आणि करंगळी आत घाला. भोकाच्या कडेला तेल लागलं नाही, तर पुठ्ठा कोरडा असला तरी गाडी घेऊन या.