शेऱ्याचा रकाना

सरकारी दफ्तरात नाना प्रकारच्या वह्या असतात. जमिनीच्या वहीत भांडणे असतात, करांच्या वहीत थकबाकी असते, आवक-जावकेच्या वहीत दिरंगाई असते. जन्म-मृत्यूच्या वहीत मात्र काहीच नसते, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. अनुक्रम, तारीख, नाव, बापाचे नाव, वय, मृत्यूचे कारण आणि अगदी शेवटी, बहुधा कोराच राहणारा, शेऱ्याचा रकाना. माझी नोकरीची तीस वर्षे एका तालुक्याच्या गावी या वह्यांच्या सहवासात गेली. लोक म्हणत, "तुमचं काम बरं. ना कुणाचं देणं, ना कुणाचं घेणं."

ही वही ओळीओळीने वाचून काही कळत नाही. दहा वर्षांची पाने एका बैठकीत वाचावीत. मग ध्यानात येते की, वर्षाच्या आतल्या मुलांच्या मृत्यूची कारणे पाच-सहा शब्दांत आटोपलेली आहेत: ताप, आकडी, हगवण, खोकला, अशक्तपणा. यांतला 'अशक्तपणा' हा मला सर्वांत गूढ वाटे. आठ महिन्यांचे मूल अशक्त होते म्हणून मेले. बरे, ते अशक्त का होते? ते विचारायला रकाना नाही. आणि काही घरांत हा अशक्तपणा नेमका मुलींनाच गाठी, तोही दुसऱ्या-तिसऱ्या मुलीला. मुलाला मारणे म्हणजे गळा दाबणे, असे आपण समजतो. पण त्याला इतके कष्ट लागत नाहीत. दूध थोडे कमी करावे, ताप आला तर दवाखान्यात नेण्यास दोन दिवस उशीर करावा. मग कारण 'ताप' असे लिहिले, तर ते अक्षरशः खरेच असते.

हे सारे मनात पुन्हा उसळले ते आयर्लंडातल्या एका बाईंची हकीकत वाचल्यावर. गॉलवे परगण्यात ट्यूम नावाचे गाव आहे. तिथे एका जुन्या अनाथ-दरिद्री आश्रमाच्या इमारतीत 1925 पासून 1961 पर्यंत अविवाहित मातांचे व त्यांच्या मुलांचे गृह होते. जोगिणी ते चालवीत, खर्च सरकारी तिजोरीतून होई. कॅथरीन कॉरलेस या लहानपणी या गृहातल्या मुलांबरोबर शाळेत होत्या. ती मुले इतरांहून उशिरा येत, लवकर जात आणि त्यांच्या जाडजूड बुटांचा आवाज रस्त्यावरून ऐकू येई. एकदा कॅथरीनने थट्टा म्हणून चॉकलेटच्या रिकाम्या कागदाची पुडी बांधून त्यांतल्या एका मुलीला दिली. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे जगाला सांगितली आहे.

उतारवयात या बाईंना स्थानिक इतिहासाचा छंद लागला. पदवी नाही, कुणाचे पाठबळ नाही. गृहात किती मुले वारली, हे त्यांनी मृत्युनोंदणीच्या कचेरीत विचारले. त्यांची अपेक्षा वीस-तीस नावांची होती. तिथल्या कारकुनाने नोंदी धुंडाळल्या आणि उलट विचारले की, खरोखर सगळेच हवेत का? शेकडो आहेत. (त्या न पाहिलेल्या सहकाऱ्याबद्दल मला आपुलकी वाटते. पाने उलटण्याचा कंटाळा त्याने केला नाही.) एकेका दाखल्याला चार युरो मोजून बाईंनी नोंदी जमविल्या, तेव्हा त्या 796 भरल्या. कारणे वाचली तर आपलीच वही आठवावी: गोवर, हगवण, डांग्या खोकला, आकडी, जन्मजात अशक्तपणा. एक शब्द वारंवार येतो, मरॅस्मस. ग्रीक भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ सुकत जाणे. आपल्याकडे याला सुकटी म्हणतात. सुकटी हा साथीचा रोग नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की, खायला मिळाले नाही. 1947 सालच्या एका तपासणीत याच गृहातली मुले हाडे निघालेली आणि पोटे सुटलेली असल्याचे सरकारी माणसाने लिहून ठेवले होते. म्हणजे कागद होते. गृह त्यानंतर चौदा वर्षे चालले.

पुढे बाईंनी दफनभूमीच्या नोंदी तपासल्या. तिथे या मुलांचा पत्ता नव्हता. 1975 साली, गृह पाडल्यानंतर, दोन पोरांनी त्या आवारात खेळताना एक फरशी उचकटली आणि त्यांना हाडे दिसली होती. बाईंनी जुने नकाशे काढले. त्या जागी सांडपाण्याचा जुना हौद होता. 2012 साली त्यांनी एका स्थानिक इतिहासमंडळाच्या अंकात लेख लिहिला. तो फारसा कुणी वाचला नाही. 2014 साली वृत्तपत्रांनी आकडा छापला आणि गहजब झाला. चौकशी आयोग नेमला गेला. 2017 च्या मार्चमध्ये आयोगाने सांगितले की, जमिनीखालच्या कप्प्यांत मानवी अवशेष आहेत आणि ते गर्भावस्थेच्या पस्तिसाव्या आठवड्यापासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे आहेत. 2021 च्या जानेवारीत अंतिम अहवाल आला. तपासलेल्या अठरा संस्थांत सुमारे 9000 मुले दगावली होती, म्हणजे तिथल्या मुलांपैकी शेकडा पंधरा. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली.

त्याच आठवड्यातले आपले वर्तमानपत्रही मला आठवते. 9 जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली व दहा बाळे गेली. त्यांतल्या बहुतेकांचे नामकरण व्हायचे होते. दवाखान्याच्या कागदावर 'अमुक बाईचे बाळ' एवढेच असते. ट्यूमच्या यादीत निदान बहुतेक मुलांना नाव आहे, आडनाव आहे, कारण त्यांचा बाप्तिस्मा होई. नावे होती म्हणून तर ती मोजता आली, आणि मोठ्याने वाचता आली. आपल्या जुन्या गावनमुना चौदाच्या वहीत बापाचे नाव असते आणि पुढे 'मुलगी'. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचता येते म्हणून मलाही बोलावणे आले. तरुण मुले आपल्या पणज्याची ओळ शोधत येत. जातीच्या रकान्यावर बोट ठेवून छायाचित्र घेत आणि जात. वर-खाली त्याच पणज्याच्या तीन-तीन निनावी मुली निजलेल्या असत. पण त्यांचे कुणाला कशाला काम पडावे?

नोंदीतून मूल नाहीसे करण्याची आणखीही एक सोपी रीत आहे. मूल जन्मले, एकदा रडले आणि गेले, तर नियमाने दोन नोंदी हव्यात, एक जन्माची आणि एक मृत्यूची. पण 'उपजत मृत' म्हणून तिसऱ्याच नमुन्यात लिहिले की, बालमृत्यूच्या आकड्यात ते मोजावे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ही मोजणीच मुळापासून हाती घेतली. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवले. मूल कसे गेले, किती दिवस आजारी होते, दूध ओढत होते का, हे आईच्या तोंडून ऐकून कारण ठरवायचे. 2001 साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. महाराष्ट्रात दर वर्षी सुमारे पावणेदोन लाख मुले दगावतात, असा त्यातला अंदाज होता; सरकारी नोंदीत त्यांतली थोडीच होती. त्यापूर्वीच, 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन त्यांनी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरवून दाखवले होते. आधी मोजले, मग वाचवले. त्याहीपूर्वी, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, अशी पाटी लावली होती. 1884 पर्यंत 35 जणी आल्या. इतकी गुप्तता पाळूनही त्यांची थोडीच मुले जगली. त्यांतल्याच एकाला त्या दांपत्याने दत्तक घेऊन यशवंत म्हटले.

1986 च्या सुमारास एक म्हातारी माझ्या टेबलाशी आली. नऊवारीचा पदर आवळून धरलेला, हातात कागद नाही.

"दादा, माजी लेक हाय का त्या वहीत?"

साल विचारले तर म्हणाली, गांधीबाबा गेले त्या वरसाची. मी 1948 ची वही काढली. दुपार गेली, पण ओळ सापडली. वय अकरा महिने, कारण अशक्तपणा.

"अशक्तपणा न्हवता. तिसरी लेक म्हणून सासू मला पाजू द्येत न्हवती. मला रानात धाडायची. दादा, त्ये लिवा तिथं."

"आजी, चाळीस वर्षं कुठं होता?"

"सासू गेली. धनी बी गेला. आता भ्याव कुणाचं?"

कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे मूळ नोंदीला हात लावता येत नाही; पुरावा असेल तर समासात दुरुस्ती लिहिता येते. मी अर्ज लिहून घेतला, तिचा अंगठा घेतला आणि साहेबांपुढे ठेवला. पुरावा नाही, या कारणास्तव तो निकाली निघाला. पुरावा म्हणजे ती स्वतःच होती, पण साहेबांना साक्षीदार दुसरा हवा होता. मी तिला नक्कल करून दिली. तिने ओळीवर बोट ठेवले.

"नाव कुटं हाय?"

"नाव नाही, आजी. 'मुलगी' असं लिहिलंय."

"साळू म्हणायची मी तिला," ती म्हणाली, आणि नक्कल चौघडी करून कनवटीला लावली.

ट्यूमची जमीन 2025 च्या जुलैत रीतसर खणायला सुरुवात झाली. हाडे वेगळी करून, जिवंत असलेल्या नातलगांच्या डीएनएशी ती पडताळून, जमेल त्या मुलाला त्याच्या नावाने पुरावयाचे, असा बेत आहे. ज्यांची भावंडे तिथे आहेत, अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीची झाली आहेत, आणि नमुना देण्यासाठी ती रांगेत उभी आहेत.