मागीलदार

बिल्डरच्या माहितीपत्रकात आमच्या घरामागच्या फरसबंद जागेला ‘पॅटिओ’ म्हटलं होतं. शेजारच्या आजी कन्नडमध्ये तिला ‘हित्तलु’ म्हणतात. माझी आई चिपळूणची, तिच्या लेखी ते मागीलदार. भाषांतर हा माझा व्यवसाय आहे, पण या तिघांतून शब्द निवडायला फार विचार करावा लागला नाही. पॅटिओत लोक सुट्टीच्या दिवशी खुर्च्या मांडून बसतात. मागीलदारी माणूस दिवसातून दहा वेळा जातो, कधी तुळशीला पाणी घालायला, कधी कपडे वाळत घालायला, कधी नुसता उन्हात उभा राहायला. म्हणून तिथलं दार सहज उघडणारं हवं.

येलहंक्यातली ही जागा बारा फूट बाय नऊ, खाली जवळच्याच सादरहळ्ळीचा करडा ग्रॅनाइट. तिथे जायला दोन दारं आहेत, हॉलमधून ॲल्युमिनियमचं सरकतं आणि स्वयंपाकघरातून लाकडी. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा ७८ वर्षांची होती, मनगटांत संधिवात. गेल्या पावसाळ्यात तिचं बाहेर जाणं हळूहळू बंद झालं. विचारलं की म्हणायची, “आज ऊन फार आहे गं,” नाहीतर “उद्या बघू.” दार जड जातं, असं तिने एकदाही म्हटलं नाही. मी एका हिसक्यात उघडत असे त्या दारासाठी तिला दर वेळी कुणाला तरी बोलवावं लागे, आणि हाका मारत बसणं तिच्या स्वभावात नाही.

एवढ्याशा कामाला सुतार फिरकत नाहीत. एका रविवारी मीच बसले. सरकत्या दाराचा भार खालच्या चाकांवर असतो. आमच्या भागात कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच. त्याची बारीक कच खालच्या पट्टीच्या खाचेत साठते आणि पावसात घट्ट बसते. जुन्या टूथब्रशने ती सैल केली, व्हॅक्यूमने ओढून घेतली. चौकटीला बाहेरून पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात, ती तारेने मोकळी केली. मग नवऱ्याने आणि मी मिळून दार वर उचललं, खालची बाजू आत ओढून घेतली आणि आडवं ठेवलं. एक चाक झिजून चपटं झालं होतं. ते हार्डवेअरच्या दुकानात नेऊन “इदे तरा बेकु”, म्हणजे असंच हवं, इतकं म्हटलं, काम झालं. खाचेत तेल घालायचं नाही, त्याला धूळ चिकटते. सिलिकॉनचा फवारा पुरतो.

लाकडी दाराचं गणित निराळं. लाकूड ओलाव्याने लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत फुगतं. कोकणात पावसाचा जोर आषाढ-श्रावणात, तर बंगळुरूत तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यामुळे आमचं दार दसऱ्याच्या सुमारास अडकतं. तेव्हाच रंधा मारला तर मार्चमध्ये फट दिसते. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहावेत. भोक सैल झालं असेल तर काड्यापेटीच्या काड्या गोंद लावून आत ठोकाव्यात आणि वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळावा. खाली झुकलेलं दार तेवढ्यानेही उचललं जातं. कोरड्या दिवसांत दाराच्या वरच्या-खालच्या कडा रंगवाव्यात. रंगारी हमखास त्याच सोडतात आणि ओल तिथूनच शिरते.

फरशीवर बादलीभर पाणी ओतून पाहिलं. जिथे साचलं तिथेच शेवाळ होतं. ते ब्लीचिंग पावडर आणि खराट्याने निघालं. ॲसिड वापरलं नाही, कारण ते सांध्यांतलं सिमेंट खातं.

शेवटी सरकत्या दाराला लांब मूठ बसवली, कारण मूळच्या खोबणीत आईची बोटं शिरत नव्हती. शेजारी भिंतीत स्टीलची दांडी लावली. चौकट जमिनीपासून दीड इंच वर आहे आणि पाय उचलताना हाताला आधार लागतो. आता मी दार डाव्या हाताच्या दोन बोटांनी तपासते. तेवढ्याने सरकलं नाही, तर ते बिघडलेलं समजायचं.

हल्ली सकाळी मी उठते तेव्हा जास्वंदीला पाणी घालून झालेलं असतं.