पौर्णिमेचा हेकरू

लिटल केमन हे बेट नकाशावर शोधायचे तर भिंगच हवे. क्यूबाच्या दक्षिणेला, कॅरिबियन समुद्रात, जेमतेम दहा मैल लांब आणि मैलभर रुंद. वस्ती दीड-दोनशे माणसांची. रस्त्यात इग्वाना आडवे आले तर मोटारींनी थांबावे, अशा चक्क पाट्या! भाचा ग्रँड केमनला हिशेबनीस आहे. त्याच्या आग्रहाने एका फेब्रुवारीत आम्ही उभयता छोट्या विमानातून इकडे येऊन उतरलो.

आम्ही मूळचे मालवणचे. समुद्र दिसला की आधी भूक लागते. खानावळीत शिरताच हिने आपल्या हेकरूचा तिकडचा भाऊबंद मागितला. त्याला नॅसॉ ग्रूपर म्हणतात. वाढणारी बाई हसून म्हणाली, "मे महिन्यात या!" डिसेंबर ते एप्रिल हा मासा पकडायला बंदी.

धक्क्यावर एक म्हातारा कोळी दोरी गुंडाळत बसला होता. त्याच्यापाशी मी गाऱ्हाणे मांडले. तो म्हणाला, "ही बंदी आमच्याच हातांनी ओढवली, साहेब."

हा मासा एरवी खडकांत एकटा राहतो. पण हिवाळ्यातल्या पौर्णिमेला दूरदूरचे हेकरू बेटाच्या पश्चिम टोकाशी जमतात आणि पुढच्या चार-पाच दिवसांत, सूर्य मावळताना, अंडी सोडतात. ही जत्रेची जागा 2001 साली कोळ्यांना सापडली. तिथे सुमारे सात हजार मासे होते. दोन हिवाळ्यांत त्यांतले चार हजार गळाला लागले!

"गळ टाकायचा अवकाश, की मासा. लक्ष्मी आली असे वाटले. ती घर सोडून निघाली होती, हे कोणाला कळले?"

2003 साली सरकारने त्या जागी मासेमारी बंद केली. पण हा मासा सावकाश वाढतो. वयात यायलाच त्याला कित्येक वर्षे लागतात. 2009 साली मोजले तेव्हा जेमतेम बाराशे भरले. म्हाताऱ्याचे सोबती चिडले: पोटाला चिमटा घेऊन मिळाले काय? तरीही बंदी टिकली. 2016 साली कायदा पक्का झाला: हंगामात बंदी, एरवी होडीमागे दिवसाला पाचच मासे, तेही सोळा ते चोवीस इंचांचेच. लहान सोडायचा हे मला समजले, मोठा का?

"सर्वांत जास्त अंडी थोरलीच घालते. घरातली आजी कोणी विकतो का?"

2018 साली पुन्हा सात हजारांवर मासे जमले. सांगताना म्हाताऱ्याचा आवाज किंचित कापला. त्याच्या हिशेबी पंधरा वर्षे गेली होती.

आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी समुद्रात उतरतात. इथले कोळी पौर्णिमेसाठीच दूर राहतात. दोन्हींत देवाणघेवाण एकच.

मुंबईला परतल्यावर बाजारात वीतभर हेकरू दिसला. मी पाकिटाला हात घातला. ही म्हणाली, "राहू द्या. याने अजून पौर्णिमा कुठे पाहिली आहे?"

त्या दिवशी आम्ही वरण-भात जेवलो.